एका फूटपट्टीची उंची: जॉन वेस्ट आणि फुप्फुसातलं बीपी

घरोघरी आता बीपीचं मशीन आलंय. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं आणि 120/80 च्या आसपास आकडा आला की हुश्श करायचं. पण तो आकडा शरीरातल्या एका बीपीचा झाला. दुसरं एक बीपी आहे, ते दंडावर कधीच मोजता येत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसाकडे जे रक्त ढकललं जातं, त्याचा दाब साधारण 25/8 असतो. सरासरी धरली तर 15 मिलिमीटर पारा. बाकीच्या अख्ख्या शरीरात हीच सरासरी 93 च्या घरात असते.

रक्त मात्र दोन्हीकडे तेवढंच वाहतं. मिनिटाला सुमारे पाच लिटर. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे मिळून जेवढं रक्त जातं, तेवढंच रक्त एकट्या फुप्फुसांतून जातं, आणि तेही सहापट कमी दाबावर.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘वेस्ट झोन’ हा धडा दरवर्षी असतो. परीक्षेत हमखास येणारा, आकृती काढून चार मार्क मिळवून देणारा. मागे एका मुलीने वर्गात विचारलं, “मॅडम, हे वेस्ट झोन असतील तर ईस्ट झोन कुठे असतात?” वर्ग हसला. मला मात्र चुटपुट लागली. इतकी वर्षं शिकवतेय, पण वेस्ट ही दिशा नसून माणूस आहे, एवढंही मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. त्या माणसाने एका प्रश्नाचा पाठपुरावा लंडनच्या हॉस्पिटलपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत, अंतराळयानात आणि रेसच्या घोड्यांच्या तबेल्यातही केला. त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितेय.

प्रश्न समजायला आधी फुप्फुसाची रचना डोळ्यांपुढे आणावी लागेल. श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत शेवटी हवेचे बारीक फुगे लागतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस ते पन्नास कोटी असतात. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांची, म्हणजे केशवाहिन्यांची, दाट जाळी असते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, मध्ये पडदा. या पडद्याची जाडी कित्येक ठिकाणी 0.3 मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरते. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दोनेकशे पडदे सहज मावतील. आणि हा सगळा पडदा उलगडून अंथरला तर 50 ते 100 चौरस मीटर जागा व्यापेल, एखाद्या टू-बीएचके फ्लॅटच्या कार्पेट एरियाएवढी. तांबडी पेशी या जाळीतून जाते ती जेमतेम पाऊण सेकंदात. तेवढ्या वेळात तिला ऑक्सिजन घ्यायचा असतो. पडदा जाड असता तर ते जमलंच नसतं.

पण पलीकडे रक्त वाहतंय, त्या रक्ताला दाब आहे, आणि जास्त दाब आला तर असला पडदा फाटेल. पातळ नसेल तर श्वास अडतो, मजबूत नसेल तर रक्त हवेत येतं. फुप्फुसातला रक्तदाब एवढा कमी का, याचं मोठं कारण इथे आहे.

जॉन वेस्ट यांचा जन्म 1928 चा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. डॉक्टरीचं शिक्षण तिथेच झालं आणि पुढे ते लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आले. त्या हॉस्पिटलच्या आवारात एक नवलाईची गोष्ट होती, सायक्लोट्रॉन. अणुकणांना गरगर फिरवून वेग देणारं हे यंत्र तोवर बहुतेक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये असायचं. इथे ते रुग्णांच्या शेजारी, वैद्यकीय कामासाठी बसवलेलं होतं. त्यावर किरणोत्सारी ऑक्सिजन बनवता यायचा. हा ऑक्सिजन फार अल्पायुषी. दर दोन मिनिटांनी त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो. त्यामुळे तो साठवता येत नाही की दुसऱ्या गावाहून मागवता येत नाही. बनवायचा आणि लगेच वापरायचा.

वेस्ट आणि कॉलिन डॉलरी यांनी हा ऑक्सिजन घातलेला कार्बन डायऑक्साइड लोकांना एक घोट श्वासात घ्यायला लावला, श्वास रोखून धरायला सांगितला आणि छातीवर वेगवेगळ्या उंचीवर किरण मोजणारी यंत्रं धरली. यामागची युक्ती मला फार आवडते. कार्बन डायऑक्साइड रक्तात झटकन विरघळतो. म्हणजे फुप्फुसाच्या ज्या भागात रक्त जोरात वाहतंय तिथला किरणोत्सार भराभर वाहून जाणार, आणि जिथे रक्त फिरकतच नाही तिथे तो तसाच रेंगाळणार. छातीला टाचणीसुद्धा न टोचता आतल्या रक्ताचा प्रवाह कळला.

उभ्या माणसाच्या फुप्फुसाच्या तळाशी रक्त जोरात वाहत होतं. वर वर जावं तसा प्रवाह कमी होत गेला आणि अगदी वरच्या टोकाला, गळपट्टीच्या हाडामागे, तो जवळजवळ नव्हताच. माणूस आडवा झाला की हा फरक पुसला जायचा. व्यायाम केला की वरच्या भागातही रक्त पोहोचायचं.

याचं कारण समजून घ्यायला शाळेतली फूटपट्टी घ्या. ती छातीवर उभी धरा. तीस सेंटीमीटर. मोठ्या माणसाचं फुप्फुस उभ्याने साधारण एवढंच उंच असतं. आता समजा, ही तीस सेंटीमीटरची रक्ताची उभी नळी आहे. विहिरीत खाली जावं तसा पाण्याचा दाब वाढतो, तसाच या नळीतही तळाशी दाब जास्त आणि माथ्याला कमी. तीस सेंटीमीटरचा फरक सुमारे 23 मिलिमीटर पाऱ्याएवढा होतो. फूटपट्टीच्या मध्यावर, म्हणजे हृदयाच्या पातळीला, सरासरी दाब 15 आहे. वरच्या टोकाला जाताना त्यातले अकराएक वजा होतात आणि जेमतेम 4 उरतात. खालच्या टोकाला तेवढेच जमा होतात आणि 26 होतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब तर 8 च आहे. त्यातून अकरा वजा करा. वरच्या टोकाला रक्त पोहोचलं तर ते फक्त ठोक्यासरशी उसळी घेऊन पोहोचतं, एरवी नाही.

हाच हिशेब हाताच्या रक्तवाहिनीला लावला तर 93 मधून अकरा गेले काय आणि राहिले काय, काही बिघडत नाही. फुप्फुसात दाबच इतका तोकडा आहे की एका फूटपट्टीची उंची तिथे भारी पडते. वर्गात फूटपट्टी आणली की मुलांना हे पटकन कळतं. आकृती पाठ केली की कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

1964 मध्ये वेस्ट, डॉलरी आणि त्यांचे सहकारी नेमार्क यांनी हे सगळं एका निबंधात नीट बांधलं. कुत्र्याचं फुप्फुस शरीराबाहेर उभं टांगून, त्यात येणाऱ्या रक्ताचा, जाणाऱ्या रक्ताचा आणि आतल्या हवेचा असे तीन दाब हवे तसे कमीजास्त करून त्यांनी प्रवाह मोजला. केशवाहिनी ही पोलादी नळी नाही. ती हवेच्या फुग्यांमध्ये चेपून बसलेली मऊ नळी आहे. त्यामुळे भोवतालच्या फुग्यांतल्या हवेचा दाब नळीतल्या रक्ताच्या दाबापेक्षा जास्त झाला की ती चपटी होते. तीन दाबांपैकी कोण कोणावर मात करतो त्यावरून फुप्फुसाचे तीन पट्टे पडतात. हेच ते वेस्ट झोन.

सगळ्यात वरच्या पट्ट्यात हवेचा दाब रक्ताच्या दोन्ही दाबांना भारी पडतो. नळ्या मिटतात आणि रक्त थांबतं. निरोगी माणसात हा पट्टा जवळजवळ नसतो. पण खूप रक्तस्राव होऊन बीपी ढासळलं, किंवा व्हेंटिलेटरने हवा जोराने भरली, तर तो उमटतो. कोविडच्या काळात आयसीयूत व्हेंटिलेटरचा दाब वाढवताना डॉक्टरांना जी धाकधूक असायची, तिच्या अनेक कारणांपैकी हे एक. हवा तर पोहोचली, पण तिच्या शेजारची रक्तवाहिनीच चेपली गेली, असं होऊ शकतं.

मधला पट्टा मला सगळ्यात रंजक वाटतो. तिथे येणाऱ्या रक्ताचा दाब हवेपेक्षा जास्त, पण जाणाऱ्या रक्ताचा हवेपेक्षा कमी. रक्त आत शिरतं खरं, पण नळीचं पुढचं तोंड हवेने आवळलेलं असतं. धरणाचा सांडवा आठवा. सांडव्यावरून किती पाणी पडणार हे जलाशयाची पातळी सांडव्याच्या काठापेक्षा किती वर आहे यावर ठरतं. पलीकडे नदीचं पात्र दहा फूट खाली आहे की शंभर फूट, याने काही फरक पडत नाही. या पट्ट्यात हवेचा दाब हा सांडव्याचा काठ असतो. पुढे नीलेत दाब किती कमी आहे याला इथे किंमत नाही.

तळाच्या पट्ट्यात दोन्ही रक्तदाब हवेवर मात करतात. नळ्या कायम उघड्या, फुगलेल्या, आणि रक्त नेहमीसारखं पुढच्या-मागच्या दाबाच्या फरकाने वाहतं.

हवासुद्धा उभ्या फुप्फुसात तळाशी जास्त आणि वर कमी जाते, पण रक्ताइतका मोठा तिचा फरक नसतो. परिणामी वरच्या टोकाला रक्ताच्या मानाने हवा पुष्कळ आणि म्हणून ऑक्सिजन जास्त. वेस्ट यांच्या प्रसिद्ध आकृतीत वरच्या टोकाचा ऑक्सिजनचा दाब 132 आणि तळाचा 89 आहे. क्षयाच्या जंतूला ऑक्सिजन भरपूर लागतो. मोठ्या माणसांचा क्षय फुप्फुसाच्या वरच्या भागात ठाण मांडून बसतो, त्याचं एक कारण हेच मानलं जातं. औषधं नव्हती त्या काळी मिरजेच्या किंवा पाचगणीच्या सॅनिटोरियममध्ये रुग्णांना महिनोन् महिने झोपवून ठेवत. आडवं पडलं की वरच्या टोकाला रक्त पोहोचतं. त्या सक्तीच्या विश्रांतीतला काही गुण यातून आलेला असू शकेल, असं मला वाटतं.

हे काम चालू असतानाच वेस्ट यांनी एक विलक्षण हिवाळा काढला. 1960-61 मध्ये एडमंड हिलरी यांच्या मोहिमेत, ग्रिफिथ प्यू यांच्या शास्त्रीय नेतृत्वाखाली, काही संशोधक नेपाळमध्ये आमा दब्लाम शिखराजवळ 5800 मीटर उंचीवर एका रुपेरी रंगाच्या लाकडी घरात कित्येक महिने राहिले. व्यायामाची सायकल सोबत होती. त्याच मोहिमेत पुढे मायकेल वॉर्ड आणि वेस्ट यांनी मकालूच्या खिंडीत, 7440 मीटरवर, ती सायकल चालवून शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं हे मोजलं. वेस्ट त्याआधी कसलेले गिर्यारोहक नव्हते. पण पर्वत त्यानंतर त्यांच्या संशोधनातून कधी गेला नाही.

1969 मध्ये ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत गेले आणि 1981 मध्ये स्वतःच एक वैद्यकीय संशोधन मोहीम घेऊन एव्हरेस्टला आले. 24 ऑक्टोबर 1981 रोजी मोहिमेतले डॉक्टर ख्रिस पिझो माथ्यावर पोहोचले, मास्क काढला आणि फुप्फुसाच्या तळापासून काढलेला उच्छ्वास खास डब्यांत भरला. हवेचा दाबही मोजला. 253 मिलिमीटर. समुद्रसपाटीला तो 760 असतो, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. ठरावीक कोष्टकानुसार तो 236 यायला हवा होता, आणि तेवढ्या फरकावरच ऑक्सिजनच्या नळीशिवाय तिथे माणूस जगू शकतो की नाही हे ठरतं. पिझो यांच्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 7.5 मिलिमीटरवर आला होता. एरवी तो 40 असतो. म्हणजे तो माणूस किती धापा टाकत असेल याची कल्पना करा.

पर्वताचा आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा संबंध काय? इथे थोडं मागे जावं लागेल. 1946 मध्ये स्वीडनमध्ये ऑयलर आणि लिलियेस्ट्रँड यांनी मांजरांवर प्रयोग करताना पाहिलं की हवेतला ऑक्सिजन कमी केला की फुप्फुसातला रक्तदाब वाढतो. शरीरात इतर ठिकाणी ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण तिथे जास्त रक्त हवं असतं. फुप्फुसात नेमकं उलटं. ज्या वायुकोशात हवा खराब आहे, त्याची रक्तवाहिनी आवळते आणि रक्त चांगल्या हवेच्या वायुकोशाकडे वळवलं जातं. शेतातला पाट बुजला की पाणी आपण दुसऱ्या वाफ्याकडे वळवतो, तसं. न्यूमोनियाने फुप्फुसाचा एक कोपरा भरलेला असताना ही सोय जीव वाचवते.

पण उंच डोंगरावर सगळ्याच वायुकोशांत ऑक्सिजन कमी असतो. सगळ्याच रक्तवाहिन्या आवळू लागतात. वळवायचं कुठे? मग दाब वाढतो. 1985 मध्ये अमेरिकेत आठ जणांना हवेचा दाब कमी करत जाणाऱ्या खोलीत चाळीस दिवस ठेवून एव्हरेस्टची चढाई बसल्या जागी घडवली गेली. तेव्हा नुसतं बसलेलं असतानाही फुप्फुसातला सरासरी दाब दुपटीच्या वर, 34 च्या आसपास गेला होता.

त्यातच हे आवळणं सगळीकडे सारखं नसतं. काही वाहिन्या घट्ट मिटतात, काही तितक्या मिटत नाहीत. ज्या उघड्या राहतात त्यांच्या वाट्याला तो सगळा वाढलेला दाब थेट येतो, थेट त्या 0.3 मायक्रोमीटरच्या पडद्यापर्यंत.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सोसायटीतली बारा माणसं विमानाने लेहला गेलो. लेह साधारण 3500 मीटरवर आहे. मुंबईच्या समुद्रकाठावरून काही तासांत तिथे. पहिले दोन दिवस पडून राहायचं हे मी सगळ्यांना बजावलं होतं. आमच्यातले एक काका, वय साठीचं, तब्येत ठणठणीत, रोज टेकडी चढणारे. त्यांना दुसऱ्याच दिवशी खिंडीत जायचं होतं. “अगं, मला काही होत नाही, तू उगाच घाबरवतेस,” म्हणाले आणि गेले. तिसऱ्या रात्री काकूंनी दार वाजवलं. काका पलंगावर पाय सोडून बसलेले, आडवं होववत नव्हतं. ओठ जांभळट. मी पाठीला कान लावला तर दूध उतू जायच्या आधी बुडबुडतं तसा आवाज. रुमालावर खोकल्यातून आलेला फिकट गुलाबी फेस. हॉस्पिटलमध्ये रात्रभर ऑक्सिजन दिला आणि सकाळच्या विमानाने त्यांना खाली आणलं. दिल्लीत उतरल्यावर संध्याकाळी ते चहा मागत होते.

याला हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा म्हणतात, ट्रेकर मंडळी ‘हेप’ म्हणतात. पूर्वी याला न्यूमोनिया समजत. 1960 मध्ये चार्ल्स ह्यूस्टन यांनी कोलोरॅडोतल्या एका तरुणाची हकिगत लिहून हे वेगळं दुखणं असल्याचं दाखवलं. आणि याबद्दलची सगळ्यात दांडगी माहिती आपल्याकडून आली आहे. 1962 च्या चीन युद्धाच्या वेळी सपाटीवरचे जवान घाईने हिमालयात नेले गेले आणि कित्येक जण या दुखण्याला बळी पडले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध लिहिला. जगभर आजही त्याचा दाखला देतात.

तो गुलाबी रंग हाच खरा दुवा. नुसतं पाणी झिरपलं असतं तर ते स्वच्छ दिसलं असतं. अलास्कात आजारी पडलेल्या गिर्यारोहकांच्या फुप्फुसातलं पाणी तपासलं तेव्हा त्यात भरपूर प्रथिनं आणि तांबड्या पेशी निघाल्या. एवढे मोठे कण धड पडद्यातून जाणारच नाहीत. म्हणजे पडदा कुठेतरी फाटलेला असणार.

फाटलेला पडदा बघायचा कसा? वेस्ट यांनी सशांच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतला दाब पायरीपायरीने वाढवला, त्याच अवस्थेत पेशी रसायनाने गोठवल्या आणि ओडिल मॅथ्यू-कॉस्टेलो यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. 24 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास पहिल्या चिरा दिसायला लागल्या. 40 च्या जवळ गेल्यावर त्या जागोजागी दिसल्या. 1991 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पडद्याला तीन थर असतात: हवेकडचा पेशींचा, रक्ताकडचा पेशींचा आणि मध्ये कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचं अस्तर. चिरा बहुतेक पेशींच्या थरांत होत्या. अस्तर बऱ्याच ठिकाणी शाबूत होतं. म्हणून तर दाब उतरला की चिरा पटकन भरून येतात. काका संध्याकाळी चहा का मागू शकले, त्याचं उत्तर त्या अस्तरात आहे.

मला इथे थांबून त्या अस्तराबद्दल बोलायचंय, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याची जाडी पडद्याच्याही काही अंशाएवढी. आणि दाब वाढला की केशवाहिनीच्या भिंतीवर येणारा ताण हा महारोहिणीच्या, शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, भिंतीवरच्या ताणाच्या तोडीचा असतो. महारोहिणीची भिंत हाताला रबरी पाइपसारखी जाड लागते. केशवाहिनीची भिंत साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धड दिसतही नाही. नळी फार बारीक असल्यामुळेच ती तग धरते. तेवढ्याच दाबाला रुंद नळीची भिंत जास्त ताणली जाते, अरुंद नळीची कमी.

शरीर ही भिंत गरजेप्रमाणे जाडही करतं. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजून येतात. त्यांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं दाब चढलेला असतो. सुरुवातीला खोकल्यातून रक्त पडतं. पुढे अस्तर जाड होतं आणि निरोगी माणसाला झेपला नसता एवढा दाब ते सोसतात. त्याची किंमतही मोजावी लागते. जाड पडद्यातून ऑक्सिजन सहजी जात नाही.

मग घोडे. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर ज्यांचं जाणंयेणं आहे त्यांना ‘ब्लीडर’ हा शब्द नवा नाही. शर्यतीनंतर नाकातून रक्त येणारा घोडा. नाकातून थोड्यांच्याच येतं, पण दुर्बिणीने श्वासनलिका तपासली तर शर्यतीच्या बहुतेक घोड्यांत रक्त सापडतं. ते नाकातलं नसतं, फुप्फुसातलं असतं. वेस्ट यांनी ट्रेडमिलवर पळवलेल्या घोड्यांच्या फुप्फुसांत तेच पाहिलं, फाटलेल्या केशवाहिन्या. भरधाव पळताना घोड्याचं हृदय मिनिटाला 220-240 ठोके देतं आणि फुप्फुसातल्या रोहिणीतला सरासरी दाब 120 पर्यंत जातो. आपल्या दंडावरच्या वरच्या आकड्याएवढा! माणसाने वेगासाठी पिढ्यान् पिढ्या घोडे निवडले. हृदय मोठं होत गेलं, पण पडदा जाड होऊ शकला नाही, कारण तसा झाला असता तर तेवढा ऑक्सिजनच मिळाला नसता. या जनावराला आपण त्याच्या शरीराच्या कडेलोटापर्यंत नेऊन उभं केलंय, आणि रेसच्या झगमगाटात हे कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढे वेस्ट यांच्याच गटाने कसलेल्या सायकलपटूंना जीव तोडून सायकल चालवायला लावली, तर त्यांच्याही फुप्फुसातून तांबड्या पेशी आणि प्रथिनं निघाली.

अंतराळाचं सांगायचं राहिलं. सगळं गुरुत्वाकर्षणाने होत असेल तर ते काढून घेतल्यावर काय होईल, हा सरळ प्रश्न. तो विचारून यान मिळेपर्यंत वेस्ट यांना कितीतरी वर्षं थांबावं लागलं. जून 1991 मध्ये स्पेस शटलमधल्या प्रयोगशाळेत अंतराळवीरांची फुप्फुसं मोजली गेली. वरच्या आणि खालच्या भागांतला रक्ताचा फरक अपेक्षेप्रमाणे बराच कमी झाला. पण पूर्ण गेला नाही. याचा अर्थ रक्तवाहिन्यांच्या फांद्याच मुळात असमान फुटलेल्या आहेत आणि फूटपट्टीचा हिशेब खरा असला तरी तो अख्खा हिशेब नाही. ज्यांच्या नावाने ते पट्टे ओळखले जातात, त्याच माणसाच्या प्रयोगातून ही मर्यादा पुढे आली. मुलांना आकृती शिकवताना मी आता हेही सांगते.

ऐंशीच्या उंबरठ्यावर वेस्ट पक्ष्यांकडे वळले. सस्तन प्राण्यांत एकच वायुकोश दोन कामं करतो. भात्यासारखं फुगायचं-आकसायचंही त्यानेच आणि वायूची देवाणघेवाणही त्यानेच. म्हणून केशवाहिन्या त्या लवलवत्या भिंतींत उघड्यावर टांगलेल्या राहतात. पक्ष्यांनी कामं वाटून घेतली आहेत. भात्याचं काम हवेच्या वेगळ्या पिशव्या करतात, आणि देवाणघेवाण होते ती जवळजवळ न हलणाऱ्या फुप्फुसात. तिथे हवेच्या बारीक नळ्या आणि रक्ताच्या बारीक नळ्या मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रत्येक केशवाहिनीला चहूबाजूंनी शेजारणीचा टेकू. त्यामुळे पक्ष्यांचा पडदा आपल्यापेक्षाही पातळ आहे, सगळीकडे एकसारखा पातळ आहे, आणि तरी टिकतो. वायूच्या देवाणघेवाणीसाठी पक्ष्यांचं फुप्फुस आपल्यापेक्षा सरस आहे, असं वेस्ट यांनी स्पष्ट लिहिलं.

हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. मागच्या जानेवारीत आमच्या कॉलेजची मुलं घेऊन मी होडीतून गेले होते. ईस्ट झोन विचारणारी ती मुलगीही होती. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, पंख मारत, आणि त्यासाठी त्यांना लेहला दोन दिवस पडून राहावं लागत नाही. तिने दुर्बीण खाली घेतली आणि विचारलं, “मॅडम, यांच्या फुप्फुसात झोन किती?”